एक साधा टीशर्ट द्या हो!

मागणी अगदी साधी आहे. एका रंगाचा टीशर्ट हवा. छातीवर वाघ नको, पाठीवर सुविचार नको, खिशावर कुणाचं बोधचिन्ह नको. गोल गळा, अर्ध्या बाह्या, सुती कापड. रोज घालता यावा, घातला की धुता यावा, आणि निदान दोन वर्षं त्याने टीशर्टसारखं दिसावं. बस्स.

एवढंच मागायला गेलं की लक्षात येतं, बाजारात बाकी सगळं मिळतं. हॉलिवूडचे राक्षस मिळतात, "आई कुठे काय करते"पासून "जय शिवराय"पर्यंत सगळं छापलेलं मिळतं, गुडघ्यापर्यंत येणारे ढगळ टीशर्ट मिळतात, बरगड्या मोजता येतील असे घट्टही मिळतात. साधा मागितला की दुकानातला मुलगा आपल्याकडे जरा दयेने बघतो आणि खालच्या कप्प्यातून तीनच्या पुड्याचं एक पाकीट काढून देतो. "सॉफ्ट आहे सर, हात लावून बघा." आपण हात लावतो. खरंच मऊ असतं. आणि तिथेच खरी गोम आहे. पण त्याकडे येतो नंतर.

माझं म्हणणं असं, की साधा टीशर्ट ही कापडवाल्याच्या प्रामाणिकपणाची सगळ्यात कठीण परीक्षा आहे. छापील टीशर्टमध्ये चित्र विकता येतं, ब्रँडेडमध्ये नाव विकता येतं. साध्यात विकायला कापड आणि शिवण, दोनच गोष्टी उरतात. लपायला जागाच नाही. म्हणूनच बहुधा त्याच्या वाटेला फार कुणी जात नाही.

आता थोडं मूळ पुराण. आमच्या आजोबांच्या पिढीत शर्टाच्या आत घालायच्या वस्त्राला गंजीफ्रॉक म्हणत. हा शब्द आला गर्न्सी नावाच्या बेटावरून. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ हे बेट आहे आणि तिथले विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. त्याच्या शेजारचं बेट जर्सी. टीशर्टच्या कापडाला आजही धंद्यात सिंगल जर्सी म्हणतात ते ह्या शेजाऱ्यामुळे. (आमचा दादा ज्या न्यू जर्सीत वीस वर्षं राहतो, तिचं नावही ह्याच बेटावरून. म्हणजे दादा बनियनमध्ये राहतो असं म्हणायला हरकत नाही :) ) थोडक्यात काय, टीशर्ट हा गंजीफ्रॉकचाच शिकून मोठा झालेला मुलगा. आतून बाहेर आला, पांढऱ्याचा रंगीत झाला, पण रक्त तेच.

हे सांगण्याचं कारण असं, की शर्ट आणि टीशर्ट ह्यांचं कापड मुळातच वेगळं असतं आणि ते दमतंही वेगळ्या पद्धतीने. शर्टचं कापड मागावर होतं. उभे धागे ताणलेले, त्यातून आडवे धागे जातात. आपल्या इचलकरंजीला हजारो माग हेच करतात. टीशर्टचं कापड होतं सुयांवर. धाग्याचा एक फास, त्या फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. आजी दोन सुयांवर स्वेटर विणायची, अगदी तसंच. आजीच्या भाषेत सांगायचं तर टीशर्टच्या समोरच्या बाजूला सगळे सुलट टाके असतात आणि आतल्या बाजूला सगळे उलट. गळ्याची पट्टी एक सुलट, एक उलट. भिंग असेल तर बघा, आजीची आठवण येईल. फरक एवढाच, की आजीकडे दोन सुया होत्या आणि कारखान्यातल्या गोल यंत्रावर दोन हजारांहून जास्त असतात.

फास असल्यामुळे हे कापड ताणलं जातं, अंगाला बसतं, इस्त्री मागत नाही. ह्या सुखाची किंमतही तेच फास वसूल करतात. ताणलेला फास परत जागेवर आला नाही की गळा सैल होतो. धुतल्यावर फास आखडले की टीशर्ट उंचीला कमी आणि रुंदीला जास्त होतो. पाच टक्के आटलं हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण २८ इंच उंचीच्या टीशर्टचा त्यात जवळजवळ दीड इंच जातो. हात वर केला की पोट दिसायला लागतं ते ह्यामुळे. (पोट वाढलं हे दुसरं कारण मी इथे विचारात घेतलेलं नाही.) आणि धाग्याला पीळ असतो. तो पीळ धुतल्यावर मोकळा व्हायला बघतो, सोबत अख्खं कापड तिरकं ओढतो. बगलेखालची शिवण फिरत फिरत पोटावर येते ती त्याने. घालणाऱ्याला वाटतं आपणच वाकडे झालो.

म्हणजे टीशर्ट बिघडायच्या वाटा ठरलेल्या आहेत: गळा, उंची, पीळ, गोळे आणि रंग. आणि ह्या प्रत्येक वाटेवर काय करायचं हे कारखानदाराला पक्कं माहीत असतं. गळ्याच्या पट्टीत थोडा लायक्रा घालायचा आणि मागून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी शिवायची. कापड कापण्याआधी यंत्रावर दाबून आखडून घ्यायचं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. सूत विंचरून घ्यायचं. हो, विंचरूनच! बाजारात ज्याला कोंब्ड कॉटन म्हणतात ते म्हणजे फणीतून काढलेलं सूत. आखूड तंतू फणीत गळून जातात, लांब राहतात. हे आखूड तंतूच पुढे टोकं वर काढून गोळे करतात. विंचरण्यात कापूस वाया जातो, म्हणून ते सूत महाग. यात गूढ असं काहीच नाही. फक्त प्रत्येक पायरीला चार-दोन रुपये लागतात.

आणि आता तो मऊपणा. दुकानात हाताला लागणारा मऊपणा बराचसा शेवटच्या धुण्यात चढवलेला असतो. एक तर कापडावरची लव खाऊन टाकणारं एन्झाइम वापरतात, त्याला बायोवॉश म्हणतात. बेताने केलं तर चांगलंच आहे, गोळे कमी येतात. जास्त केलं तर धागाच अशक्त होतो. दुसरं म्हणजे सिलिकॉनचा मऊपणा, तो तर नुसता लेप. पाच-सहा धुण्यांत उतरतो आणि खालून खरं कापड बाहेर येतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण लिहिणाऱ्याने टीशर्ट पाहिला नव्हता, पण असता तरी हीच लिहिली असती. टिकाऊ कापड पहिल्या दिवशी बहुतेकदा जरा कोरडं, जरा राकट लागतं. दहा धुण्यांनंतर ते आपलं होतं. आपण मात्र पहिल्या दिवसाच्या हातावर निकाल देतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे.

गंमत अशी, की धंद्यातली माणसं आपापसात मऊ-बिऊ बोलतच नाहीत. ती आकड्यांत बोलतात. पहिला आकडा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० ते १५० म्हणजे पातळ. १८० च्या आसपास रोजच्या वापराला चांगलं. २२० ते २४० म्हणजे जाड, हल्ली ढगळ टीशर्टना वापरतात. दुसरा आकडा सुताचा काउंट. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. त्यामुळे इथे गणित उलटं चालतं: आकडा मोठा तर सूत बारीक. ३० काउंटचं सूत १४०-१६० च्या कापडाला, २४ चं १८० च्या आसपास. कंपन्यांच्या कार्यक्रमांना, मॅरेथॉनला, गणपती मंडळांना टीशर्ट छापून देणारे लोक आहेत ना, त्यांना जाऊन विचारा. "एकशेऐंशी जीएसएम, बायोवॉश, कोंब्ड" असं मंत्र म्हटल्यासारखं सांगतात. त्यांना कोरा माल असाच मागता येतो, असाच मिळतो. मग मॉलमधल्या टीशर्टच्या लेबलवर काय असतं? "प्रीमियम". किती प्रीमियम? तर खूप प्रीमियम! म्हणजे घाऊक घेणाऱ्याला वजन सांगायचं आणि अंगात घालणाऱ्याला विशेषण द्यायचं. माझा राग आहे तो ह्याच्यावर.

कुणी म्हणेल, तुम्ही चांगला ब्रँड शोधा आणि त्यालाच धरून राहा. शोधला होता. एका कंपनीचा राखाडी टीशर्ट मला मिळाला, तो साडेतीन वर्षं चालला. गळा ताठ, शिवण सरळ, रंग थोडा उडाला पण इमानाने सगळीकडे सारखा. मग त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा आणखी एक आणला. हातात घेतला तेव्हाच हलका वाटला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवले. जुना, इतकी वर्षं घासून घासून झिजलेला, १९६ ग्रॅम. नवा कोरा १६२. नाव तेच, चित्र तेच, किंमत शंभर रुपयांनी जास्त. कंपनीला कळवलं, तर "आमच्या उत्पादनात सातत्याने सुधारणा होत असते" असं उत्तर आलं. ३४ ग्रॅमची सुधारणा! बिस्किटाचा पुडा लहान झाला तर निदान त्यावर वजन छापावं लागतं, कळतं तरी. टीशर्टमधून कापड काढून घेतलं तर कळायला घरात वजनकाटा हवा आणि जुना टीशर्ट जपून ठेवलेला हवा.

(हा वजनकाट्याचा उपाय मात्र छान आहे, करून बघा. मध्यम ते मोठ्या मापाच्या टीशर्टला ढोबळमानाने एक चौरस मीटर कापड लागतं. त्यामुळे टीशर्टचं ग्रॅममधलं वजन आणि त्याचा जीएसएम हे आकडे बरेच जवळ येतात.)

आता पैशाचं बोलू. २५० रुपयांचा टीशर्ट समजा २५ वेळा घालून झाला आणि बाद झाला. एका वेळेचे दहा रुपये. ७०० चा समजा १२० वेळा चालला. एका वेळेचे सहा रुपयेही नाहीत. हा हिशेब आपल्याकडच्या प्रत्येक आईला तोंडपाठ असतो, त्यात नवीन काही नाही. पण त्याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलत नाही. ज्याच्या खिशात आज २५० च आहेत, त्याला सहा रुपयांचा टीशर्ट घेताच येत नाही. त्याला दहाचाच घ्यावा लागतो, पुन्हा पुन्हा. साधा टीशर्ट सगळ्यात जास्त कोण घालतं? आमच्या सोसायटीचा वॉचमन, गॅरेजमधला मुलगा, रंगारी, टेम्पोवाला. घामात, उन्हात, रोज. त्यांचं ते कामाचं कापड आहे, हौसेचं नाही. आपण दोन पैसे जास्त देऊन सुटू शकतो, ते नाही सुटू शकत. म्हणून "जाणकार गिऱ्हाईक व्हा" एवढंच सांगून भागत नाही.

शिवाय जास्त किंमत म्हणजे जास्त टिकाऊ असंही नाही. दीड हजारांचे टीशर्ट वर्षाच्या आत गळा टाकताना मी पाहिलेत, आणि फॅशन स्ट्रीटवर किंवा आमच्या डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये लेबल कापलेला एक्स्पोर्ट सरप्लस दोनशेत घेतलेला माणूस चार वर्षं मिरवताना पाहिलाय. तो सरप्लस म्हणजे नशिबाचा खेळ आहे, आज आहे उद्या नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. दादा मागे आला तेव्हा तिकडच्या दुकानातून साधे टीशर्ट घेऊन आला. जाड, सरळ, गळ्याला पक्के. आत लेबल बघितलं: मेड इन इंडिया. म्हणजे आपल्याला करता येत नाही असं नाही. परदेशातला खरेदीदार आटण्याची टक्केवारी लिहून देतो, रंग किती उतरला चालेल ते लिहून देतो, तपासतो आणि नापास झालं तर परत पाठवतो. आपण लिहून देत नाही. आपण "सॉफ्ट आहे का" विचारतो.

लहानपणी हे तपासणारी एक बाई आमच्या दारात यायची. बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई एखाद्या डब्यासाठी चार शर्ट, दोन पँटी, एक साडी पुढे करायची आणि मग अर्धा तास घासाघीस. पण त्या घासाघिशीच्या आधी बोहारीण जे करायची ते बघण्यासारखं असे. प्रत्येक कपडा उजेडासमोर धरायचा. काखेत बघायचं. शिवण दोन्ही हातांनी ओढायची. कॉलर उलटून बघायची. दहा सेकंदांत निकाल. तिला ब्रँड कळत नव्हता आणि मऊपणाशी कर्तव्य नव्हतं. हा कपडा अजून एका माणसाच्या अंगावर किती दिवस जाईल, एवढाच तिचा प्रश्न. आपण दुकानात नेमका तोच प्रश्न विचारत नाही.

आता तिने ठेवून घेण्यासारखं आपल्याकडे काही उरलेलं नाही. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं मावसभावाला, मग बोहारणीला, मग फडकं, असा कपड्याचा संसार चालायचा. आजचा टीशर्ट पहिल्याच घरात संपतो. आमचे चिरंजीव उंचीने वाढतात त्याच्या आधी त्यांचे टीशर्ट बाद होतात. कामाच्या मावशींनी विचारलं, की लेकासाठी काही आहे का, तर कपाट उघडून आपल्यालाच कसंसं होतं. सैल गळे, फिरलेल्या शिवणी, छातीवर गोळे. असं कुणाला देऊ नये, आणि चांगलं तर काही उरतच नाही.

आणि ह्या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आपलाच शेतकरी आहे. एक ढोबळ हिशेब मांडतो. २०० ग्रॅमच्या टीशर्टला, विंचरण्यात आणि कापण्यात जाणारं धरून, पावशेराहून थोडी जास्त रुई लागते. कापसात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे पाऊण किलोच्या पुढेमागे कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे एका टीशर्टमधला कापूस साठ-पासष्ट रुपयांचा, तोही पूर्ण हमीभाव हातात पडला तर. यवतमाळच्या कोरडवाहू रानात पावसाकडे डोळे लावून पिकवलेला, कमरेत वाकून बोंडाबोंडाने वेचलेला. महाराष्ट्रात कापूस पिकतो, पण टीशर्टची पेठ तिकडे तमिळनाडूत, तिरुप्पूरला. तिथे कापड विणून रंगवताना नोय्यल नदीचं काय झालं तेही जगजाहीर आहे. रंगाचं पाणी नदीत सोडलं जात होतं, खालच्या ओरथुपाळयम धरणात साठत होतं, शेती नासत होती. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळतील त्यांनाच पुन्हा चालू करता आले. ते पाणी शुद्ध करायला खर्च येतो आणि तो यायलाच हवा. मला एवढंच वाटतं, की इतक्या जणांच्या पाठीवरून आलेली वस्तू सहा महिन्यांत फरशी पुसायला जात असेल, तर तो कापसाचा अपमान आहे.

दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत, नाहीतर एकतर्फी होईल. एक, पॉलिस्टर सरसकट वाईट नाही. थोडं मिसळलं तर कापड बळकट होतं, कमी आटतं, पावसाळ्यात लवकर वाळतं. कोकणात जुलैमध्ये २४० जीएसएमचा शुद्ध सुती टीशर्ट दोरीवर टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही ओलाच. पण पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतं आणि त्याचे गोळे गळून पडत नाहीत, चिकटून बसतात. तेव्हा मिसळा, पण किती ते नीट लिहा. दोन, टीशर्टचं अर्धं आयुष्य आपल्या मोरीत ठरतं. ब्रशने घासणं, पिळून काढणं, ओला टीशर्ट हँगरला लटकवणं, रंगीत कापड कडक उन्हात सुलट वाळत घालणं, ह्यात कुठलाही टीशर्ट टिकणार नाही. उलटा करून गार पाण्यात धुवा, उलटाच सावलीत वाळवा. एवढं केलं तरी वर्ष वाढतं.

"अहो, टीशर्टचं काय एवढं?" असं बायकोने हे वाचून विचारलंच. तिचं म्हणणं, जगात याहून मोठे प्रश्न आहेत. आहेतच. पण रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूबद्दल कुणी आपल्याशी खरं बोलत नसेल, तर त्याची सवय होते. मग डाळीबद्दल, औषधाबद्दल, घराच्या कार्पेट एरियाबद्दलही आपण विशेषणांवर समाधान मानायला लागतो.

म्हणून माझी मागणी कापडाची नाही, तीन आकड्यांची आहे. फ्रिजवर तारे असतात, दुधाच्या पिशवीवर फॅट लिहिलेलं असतं. तसंच टीशर्टच्या लेबलवर वजन, सूत आणि धुतल्यावर किती आटेल, एवढं छापावं. खोटं छापतील? छापतील काही जण. पण "प्रीमियम" खोटं ठरवता येत नाही, "१८० ग्रॅम" ठरवता येतं. घरी वजनकाटा आहे. आणि आकडे छापायचे ठरले, की २५० रुपयांच्या टीशर्टवरही छापावे लागतील. मग आमचा वॉचमनही दोन टीशर्ट शेजारी धरून सांगू शकेल, की ह्यात कापड जास्त आहे.

तोवर दुकानात काय करायचं ते लिहून ठेवतो, नातेवाइकांपैकी कुणी दिवाळीच्या खरेदीला निघालं तर उपयोगी पडेल. टीशर्ट उजेडासमोर धरा, पलीकडची बोटं मोजता आली तर ठेवून द्या. गळा ताणून सोडा, लगेच परत यायला हवा. मानेमागून खांद्यापर्यंत पट्टी आहे का बघा. दोन्ही खांद्यांना धरून लोंबकळू द्या, बगलेच्या शिवणी सरळ खाली उतरायला हव्यात. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा. मऊपणाला शून्य गुण. आणि शेवटी काउंटरवर विचारा, "ह्याचा जीएसएम किती?" उत्तर येणार नाही, मुलगा गोंधळेल, मॅनेजरला बोलावेल, मॅनेजरलाही माहीत नसेल. तरी विचारा. एकट्याने विचारलं तर तो विक्षिप्त ठरतो (मी ठरलोच आहे, लक्ष्मी रोडवर दोन दुकानांत मला ओळखतात). दहा जणांनी विचारलं तर मॅनेजर वरती विचारेल.

आणि तुमच्याकडे पाच वर्षं टिकलेला साधा टीशर्ट असेल, तर टाकू नका. त्याचं वजन करून मला कळवा. माझ्या वहीत सध्या अकरा नोंदी आहेत.